हैले सेलासी व रास्ताफारी पंथविषयक ग्रंथ

इथिओपियाचा अखेरचा सम्राट पहिला हैले सेलासी (२३ जुलै १८९२–२७ ऑगस्ट १९७५) आणि त्यास ईश्वराचा अवतार मानणारा जमेका बेटातील रास्ताफारी पंथ यांविषयी विसाव्या शतकात व त्यानंतर निर्माण झालेले ग्रंथवाङ्मय. सम्राटाचे राज्यारोहणापूर्वीचे नाव रास तफारी. अम्हारिक भाषेत ‘रास’ म्हणजे मस्तक; हा सरदारांचा एक श्रेष्ठ किताब होता, तर तफारी हे व्यक्तिनाम. या दोहोंवरून पंथास रास्ताफारी हे नाव पडले. ज्याला देव मानले गेले तो स्वतः इथिओपियाच्या सनातनी ख्रिस्ती चर्चचा निष्ठावंत अनुयायी होता आणि त्याने देवत्वाचा दावा कधीही केला नाही. त्याचे भक्त अटलांटिक महासागरापलीकडे एका ब्रिटिश वसाहतीत राहत होते. त्यांपैकी बहुतेकांनी १९६६ पर्यंत त्याला पाहिलेही नव्हते. या दोन टोकांना जोडले ते प्रामुख्याने छापील कागदाने : बायबल, वृत्तपत्रातील वृत्तान्त, मासिकातील छायाचित्रे व हातोहात फिरणाऱ्या पुस्तिका यांनी. त्यामुळे या ग्रंथांचा इतिहास हा बऱ्याच अंशी पंथाचाच इतिहास ठरतो.

इथिओपियाच्या राजवंशाचा दैवी अधिकार मूळचा एका ग्रंथावरच उभा होता. गीझ या प्राचीन भाषेतील ‘केब्रा नगस्त’ (म. शी. राजांचे वैभव) हा तो ग्रंथ. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात अक्सुम येथील यिशाक नावाच्या धर्माधिकाऱ्याने त्यास आजचे रूप दिले. जेरुसलेमचा राजा सॉलोमन व शेबाची राणी यांच्यापासून मेनेलिक हा पुत्र झाला, त्याने कराराचा कोश इथिओपियात आणला आणि तेव्हापासून ईश्वराची कृपा इस्राएलकडून इथिओपियाकडे वळली, असे त्यात सांगितले आहे. १२७० मध्ये सत्तेवर आलेल्या घराण्याने आपली वंशावळ सॉलोमनपर्यंत नेली होती. तिला या ग्रंथाने शास्त्राधार दिला. राज्यकर्त्यांना तो किती आवश्यक वाटे, हे एका प्रसंगावरून दिसते. १८६८ मध्ये सम्राट थिओडोर याच्याविरुद्ध ब्रिटिशांनी पाठविलेली मोहीम मुंबईहून निघाली. तिचे नेतृत्व मुंबई लष्कराचा सरसेनापती रॉबर्ट नेपिअर याच्याकडे होते. सुमारे १३,००० सैनिक व ४४ हत्ती यांसह ती मक्‌दालाच्या किल्ल्यापर्यंत पोहोचली. पराभूत थिओडोरने आत्महत्या केली आणि त्याने जमविलेली शेकडो हस्तलिखिते ब्रिटनला गेली. त्यांत ‘केब्रा नगस्त’ची प्रतही होती. पुढे सम्राट चौथा योहान्नेस याने ती परत मागितली. तिच्यावाचून आपली प्रजा आपल्या आज्ञेत राहणार नाही, असे त्याने कळविले होते. ब्रिटिश म्यूझियमने १८७२ मध्ये ती प्रत परत केली. लुटीतील वस्तू परत मिळाल्याचे त्या काळातील हे विरळ उदाहरण होय. अर्नेस्ट वॉलिस बज याने केलेले ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि इंग्रजी वाचणाऱ्या कृष्णवर्णीयांस ही कथा मुळाबरहुकूम उपलब्ध झाली. मराठी बखरींतून येणारा ‘हबशी’ हा शब्द याच देशाच्या ‘हबश’ या अरबी नावावरून आलेला आहे, हे येथे सांगण्यासारखे आहे.

तफारीचा जन्म हरार प्रांतात एजेर्सा गोरो येथे झाला. त्याचा पिता रास मकोन्नेन हा सम्राट दुसरा मेनेलिक याचा नातलग व विश्वासू सेनानी असून १८९६ मध्ये आडोवा येथे इटलीच्या सैन्याचा पराभव करणाऱ्यांपैकी एक होता. तफारीचे प्राथमिक शिक्षण फ्रेंच धर्मोपदेशकांकडे झाले. १९१६ मध्ये लिज इयासू पदच्युत झाल्यावर मेनेलिकची कन्या झौदितू सम्राज्ञी झाली आणि तफारी राजप्रतिनिधी व युवराज बनला. १९२३ मध्ये त्याने आपल्या देशाला राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळवून दिले. झौदितूच्या मृत्यूनंतर २ नोव्हेंबर १९३० रोजी अदिस अबाबा येथे त्याचा राज्याभिषेक झाला. हैले सेलासी (त्रैक्याचे सामर्थ्य) हे त्याचे राज्यनाम. ‘राजाधिराज, यहूदा वंशाचा विजयी सिंह, ईश्वराने निवडलेला’ ही परंपरागत बिरुदेही त्याने धारण केली. इथिओपियात ही भाषा शतकानुशतके दरबारी रिवाजातली होती. जमेकात मात्र ती बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकातील भविष्यवाणीची पूर्तता म्हणून वाचली गेली.

राज्याभिषेकाला ब्रिटनच्या राजाचा पुत्र ग्लॉस्टरचा ड्यूक याच्यासह अनेक देशांचे प्रतिनिधी आले होते. वार्ताहरांत इंग्रज कादंबरीकार ईव्हलिन वॉ होता. ‘रिमोट पीपल’ (१९३१) या प्रवासवर्णनात त्याने समारंभाची यथेच्छ थट्टा केली आणि ‘ब्लॅक मिस्चिफ’ (१९३२) या कादंबरीत एका काल्पनिक आफ्रिकी राजाला विदूषक बनविले. अमेरिकन मासिक ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने जून १९३१ च्या अंकात हाच समारंभ रंगीत छायाचित्रांसह व आदरपूर्वक छापला. वॉची पुस्तके अधिक कौशल्याने लिहिलेली आहेत. परिणाम मात्र मासिकाचा अधिक झाला. जरीची वस्त्रे ल्यालेला, गोऱ्या राजपुत्रांकडून मान स्वीकारणारा कृष्णवर्णीय सम्राट जमेकातील मजुरांनी या चित्रांतून पाहिला आणि ती पाने जपून ठेवली.

जमेकात गुलामगिरी १८३८ मध्ये पूर्णपणे संपली असली, तरी जमीन व सत्ता मूठभर मळेवाल्यांच्याच हाती राहिली. सार्वत्रिक मतदानाचा हक्क तेथे १९४४ मध्ये मिळाला. चर्च, शाळा व न्यायालय यांतून गोऱ्या राजाचे व गोऱ्या ख्रिस्ताचेच दर्शन घडे. कृष्णवर्णीयांच्या हाती असलेले एकमेव सर्वमान्य पुस्तक म्हणजे बायबल. त्यातील अडुसष्टाव्या स्तोत्रात इथिओपिया देवापुढे हात पसरील, अशा आशयाचे वचन आहे. अमेरिकेतील व कॅरिबियन बेटांतील कृष्णवर्णीय उपदेशकांनी अठराव्या शतकापासून ते आपल्या मुक्तीचे आश्वासन मानले होते. ‘युनिव्हर्सल निग्रो इंप्रूव्हमेंट असोसिएशन’ (स्थापना १९१४) या संस्थेचा संस्थापक मार्कस गार्वी याने या भावनेला राजकीय रूप दिले. आफ्रिकेत कृष्णवर्णीय राजाला मुकुट चढेल तेव्हा मुक्तीचा दिवस जवळ आला असे समजा, असे भाकीत त्याने केल्याचे पंथीय मानतात. पण गार्वीच्या उपलब्ध लेखनात ते संशोधकांना सापडलेले नाही.

पंथाला पूर्वपीठिका पुरविणारे दोन ग्रंथ राज्याभिषेकापूर्वीचे आहेत. अँग्विला बेटातील रॉबर्ट अथ्लाय रॉजर्स याने ‘द होली पाइबी’ (१९२४) हे पुस्तक कृष्णवर्णीयांचे बायबल म्हणून रचले. त्यात गार्वीला प्रेषिताचे स्थान आहे. फिट्झ बॅलिन्टाइन पीटर्सबर्ग याचे ‘द रॉयल पार्चमेंट स्क्रोल ऑफ ब्लॅक सुप्रीमसी’ (१९२६) जमेकात निघाले. त्याची शैली बायबल, जाहीरनामा व मंत्र यांचे मिश्रण असून वाक्यरचना अनेकदा अर्थाला दाद देत नाही. यांपैकी कोणत्याही पुस्तकात हैले सेलासीला देव म्हटलेले नाही. जागा आधीच सिद्ध होती. तेथे मूर्ती नंतर आली.

ती बसविण्याचे काम १९३२ नंतर लेनर्ड हॉवेल, जोसेफ हिबर्ट, आर्चिबल्ड डंक्ली व रॉबर्ट हाइंड्‌स या उपदेशकांनी जवळजवळ एकाच काळात केले. त्यांत हॉवेल (१८९८–१९८१) प्रमुख. अमेरिकेतून परतल्यावर तो सेंट टॉमस परगण्यातील शेतमजुरांपुढे व्याख्याने देई व सम्राटाची छायाचित्रे एकेका शिलिंगला विकी. आपला खरा राजा पाचवा जॉर्ज नसून रास तफारी आहे, या त्याच्या प्रतिपादनाबद्दल मार्च १९३४ मध्ये मोरांट बे येथे त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि दोन वर्षांची शिक्षा झाली. ‘द प्रॉमिस्ड की’ (सु. १९३५, म. शी. वचनातील किल्ली) ही त्याची पुस्तिका याच सुमाराची. तिचा मोठा भाग पीटर्सबर्गच्या पुस्तकातून जवळजवळ शब्दशः उचललेला आहे. मूळच्या नावांच्या जागी सम्राट व सम्राज्ञी यांची नावे घातली असून आरंभी राज्याभिषेकाचे वर्णन जोडले आहे. वाङ्मयचौर्याच्या आजच्या कसोटीवर ही पुस्तिका टिकणार नाही. पण तोंडी परंपरेत वाढलेल्या उपदेशकाला अशी उसनवारी गैर वाटत नसे, हे ध्यानात घेतले पाहिजे. वसाहतीच्या सरकारला तिच्यातील मजकुराचे भय वाटले, यावरून तिचा प्रभाव समजतो.

ही पुस्तिका हॉवेलने जी. जी. मराघ या नावाने लिहिली. गंगुन्गुरू मराघ असे त्याचे विस्तृत रूप असून त्यात ‘गुरू’ व ‘महाराज’ हे भारतीय शब्द दडलेले आहेत, असे अभ्यासक मानतात. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६,००० भारतीय मजूर करारबंदीने जमेकात नेण्यात आले होते. ते मुख्यतः उत्तर भारतातील होते. गांजा ही वनस्पती व तिचे नाव ही दोन्ही त्यांच्याबरोबर तेथे गेली आणि पुढे पंथाच्या धार्मिक विधीचे अंग बनली. अजय व लक्ष्मी मानसिंह यांनी १९८५ मध्ये पंथावरील हिंदू प्रभावाविषयी निबंध लिहून जटा, शाकाहार व अवतारकल्पना यांचे मूळ या मजुरांच्या जीवनात दाखविण्याचा प्रयत्न केला. शब्द व गांजा यांबाबत त्यांचे म्हणणे पटण्याजोगे आहे. जटांचा प्रघात मात्र १९४० नंतरच्या तरुण पंथीयांच्या बंडखोरीतून आला, असे बॅरी शेव्हान्स या जमेकन समाजशास्त्रज्ञाने अनुयायांच्या मुलाखतींच्या आधारे दाखविले आहे.

३ ऑक्टोबर १९३५ रोजी इटलीने इथिओपियावर आक्रमण केले आणि या वाङ्मयाला नवे वळण लागले. विषारी वायूचा वापर, मायचेव येथील पराभव (३१ मार्च १९३६), सम्राटाचे देशत्याग व ३० जून रोजी जिनीव्हा येथे राष्ट्रसंघापुढे त्याने अम्हारिकमध्ये केलेले भाषण यांमुळे तो जगभर परिचित झाला. ‘द टाइम्स’चा वार्ताहर जॉर्ज स्टीर याचे ‘सीझर इन ॲबिसिनिया’ (१९३६) हे या युद्धावरील प्रत्यक्षदर्शी व सहानुभूतिपूर्ण पुस्तक होय. वॉने याच काळात इटलीची बाजू घेणारे पुस्तक लिहिले. याउलट, डिसेंबर १९३५ मध्ये जमेकातील एका साप्ताहिकात एक सनसनाटी लेख आला. हैले सेलासी हा गोऱ्यांचा संहार करू पाहणाऱ्या ‘न्याबिंघी’ नावाच्या गुप्त संघटनेचा प्रमुख आहे, असे त्यात म्हटले होते. मजकूर निराधार होता आणि सम्राटाविरुद्ध भय पसरविणे हा त्याचा रोख होता. पंथीयांनी तो आनंदाने स्वीकारला. न्याबिंघी हे पंथाच्या सर्वांत जुन्या शाखेचे व तिच्या ढोलवादनयुक्त उपासनेचे नाव झाले ते या लेखामुळे. शत्रूने छापलेला मजकूर भक्तांनी श्रद्धेत सामावून घेतल्याचे असे उदाहरण धर्मेतिहासात क्वचितच आढळेल.

ज्याला पंथ आपला प्रेषित मानतो, त्या गार्वीने मात्र या पराभवानंतर आपल्या नियतकालिकातून सम्राटावर कठोर टीका केली. त्याने प्रजेला अज्ञानात ठेवले, देशाची सिद्धता केली नाही आणि संकटकाळी गोऱ्यांच्या आश्रयाला पळाला, हे गार्वीचे मुख्य आरोप. इथिओपियात गुलामगिरी कायद्याने चालू होती, हाही त्या काळच्या टीकेचा एक विषय होता. राष्ट्रसंघाच्या प्रवेशावेळीच यावर आक्षेप घेतला गेला होता आणि गुलामगिरी रद्द करणारे फर्मान निघाले ते १९४२ मध्ये. गुलामांच्या वंशजांनी ज्याला मुक्तिदाता मानले, त्याच्याच राज्यात माणसे विकली जात होती, ही विसंगती पंथाच्या ग्रंथांत क्वचितच चर्चिली जाते.

सम्राट १९३६ ते १९४० इंग्लंडमधील बाथ येथे राहिला. तेथे १९३७ मध्ये त्याने आपले आत्मचरित्र सांगून लिहवून घेण्यास आरंभ केला. अम्हारिकमध्ये ते १९७२–७३ मध्ये प्रसिद्ध झाले. एडवर्ड उलेनडॉर्फ याने केलेले त्याच्या पहिल्या भागाचे भाषांतर ‘माय लाइफ अँड इथिओपियाज प्रोग्रेस’ या नावाने १९७६ मध्ये, म्हणजे सम्राटाच्या मृत्यूनंतर निघाले. दुसरा भाग १९९४ मध्ये हॅरल्ड मार्कस याच्या संपादनाखाली इंग्रजीत आला. हे पुस्तक आत्मपरीक्षणपर नाही. राज्यकारभारातील सुधारणा, तह व सनदा, समारंभ व पत्रव्यवहार यांची ती दफ्तरी नोंद आहे. बालपणीचा थोडा भाग सोडल्यास लेखकाचे अंतरंग कोठेही उघडे होत नाही. हे मौन इतिहासकाराची निराशा करते. भक्ताला मात्र तेच पुरते, कारण त्याला त्यात स्वयंभू राजाचे शांत, दूरस्थ बोलणे ऐकू येते. उलेनडॉर्फच्या विद्वत्तापूर्ण टीपांसह हा ग्रंथ पुढे अनेक पंथीयांनी बायबलच्या शेजारी ठेवला.

१९४१ मध्ये ब्रिटिश व भारतीय फौजांच्या साहाय्याने इटालियनांचा पाडाव झाला. एरिट्रियातील केरेनच्या निर्णायक लढाईत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण लढली. राजधानीच्या पाडावानंतर नेमक्या पाच वर्षांनी, ५ मे १९४१ रोजी, सम्राट राजधानीत परतला. पुढील दोन दशकांतील चरित्रपर पुस्तके बहुतांशी गुणगौरवपर आहेत. क्रिस्टिन सँडफर्डचे ‘द लायन ऑफ जूडा हॅथ प्रिव्हेल्ड’ (१९५५) व लेनर्ड मोझलीचे ‘हैले सेलासी : द काँकरिंग लायन’ (१९६४) ही त्यांतील प्रमुख. मार्जरी पेरम हिचे ‘द गव्हर्नमेंट ऑफ इथिओपिया’ (१९४८) हे अधिक तटस्थ. डिसेंबर १९६० मधील फसलेल्या उठावानंतर सूर बदलला. रिचर्ड ग्रीनफील्डने ‘इथिओपिया : अ न्यू पोलिटिकल हिस्टरी’ (१९६५) या ग्रंथात उठाववाल्यांची बाजू सहानुभूतीने मांडली, तर ख्रिस्तोफर क्लॅपम याने ‘हैले-सेलासीज गव्हर्नमेंट’ (१९६९) मध्ये सर्व सत्ता एका व्यक्तीच्या हाती एकवटल्याने शासनयंत्रणा कशी पंगू झाली, याचे विश्लेषण केले.

जमेकात या काळात पंथीयांवर पोलिसांची सतत करडी नजर होती. हॉवेलने १९४० मध्ये वसविलेली ‘पिनॅकल’ ही वसाहत १९५४ मध्ये पोलिसांनी उद्ध्वस्त केली. सुशिक्षित समाजाच्या दृष्टीने रास्ताफारी म्हणजे वेडे किंवा गुन्हेगार. या दृष्टीला पहिला छेद साहित्याने दिला. रॉजर मेस याच्या ‘ब्रदर मॅन’ (१९५४) या कादंबरीचा नायक एक सत्त्वशील पंथीय चांभार आहे. ऑर्लँडो पॅटर्सनच्या ‘द चिल्ड्रन ऑफ सिसिफस’ (१९६४) मध्ये किंग्स्टनच्या उकिरड्यावर राहणारे लोक आफ्रिकेला नेणाऱ्या जहाजाची वाट पाहतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ईटन सिम्प्सन याने १९५३ मध्ये पश्चिम किंग्स्टनमध्ये पाहणी करून पंथाचा पहिला शास्त्रीय अभ्यास सादर केला.

सर्वांत परिणामकारक ठरला तो एक छोटा अहवाल. १९६० मध्ये मॉर्टिमर प्लानो व इतर पंथीयांनी वेस्ट इंडीजच्या विद्यापीठ महाविद्यालयाचा प्राचार्य, अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस याच्याकडे जाऊन आपल्याविषयीचे सत्य लिहिले जावे अशी मागणी केली. ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांनीच संशोधकांना पाचारण केल्याचा हा प्रकार असाधारण होता. एम्. जी. स्मिथ, रॉय ऑजिअर व रेक्स नेटलफर्ड यांनी अवघ्या दोन आठवड्यांत पाहणी करून पंथाचा इतिहास, श्रद्धा व दारिद्र्य यांचे वर्णन केले. पोलिसांनी छळ थांबवावा आणि आफ्रिकेत स्थलांतराची शक्यता तपासण्यासाठी शिष्टमंडळ पाठवावे, अशा त्यांच्या शिफारशी होत्या. त्यानुसार १९६१ मध्ये गेलेल्या शिष्टमंडळात तीन रास्ताफारी होते. ते अदिस अबाबा येथे सम्राटाला भेटले. तरीही एप्रिल १९६३ मध्ये कोरल गार्डन्स येथील हिंसाचारात आठ माणसे मरण पावल्यानंतर स्वतंत्र जमेकाच्या पोलिसांनी सरसकट धरपकड केली, अनेकांना मारहाण झाली व त्यांच्या जटा कापल्या गेल्या. सरकारने त्याबद्दल क्षमा मागितली ती २०१७ मध्ये.

२१ एप्रिल १९६६ रोजी सम्राट जमेकात आला. किंग्स्टनच्या विमानतळावर सुमारे एक लाख लोक जमले. कडे तोडून ते विमानाभोवती गोळा झाल्याने सम्राट काही काळ बाहेरच येईना. अखेर प्लानोने गर्दीला वाट करावयास लावली. ज्यांना आजवर तुरुंगात टाकले जाई, त्यांना त्या सप्ताहात शासकीय समारंभांची निमंत्रणे गेली. सम्राटाने भक्तांची भेट घेतली, पदके दिली. त्यांच्या श्रद्धेला उघड दुजोरा दिला नाही आणि त्यांच्यासमोर ती झिडकारलीही नाही. १९६७ मध्ये कॅनडाच्या नभोवाणीला दिलेल्या मुलाखतीत मात्र आपण मर्त्य मानव आहोत, असे त्याने स्पष्ट सांगितले. काही पंथीयांनी या नकारालाही नम्रतेचा व म्हणून देवत्वाचा पुरावा मानले. १९७० मध्ये इथिओपियन चर्चचे धर्मगुरू जमेकात पाठविण्यात आले. पुढे आबुना येसेहाक या नावाने आर्चबिशप झालेल्या या धर्मगुरूकडून अनेक पंथीयांनी बाप्तिस्मा घेतला; विख्यात गायक बॉब मार्ले यानेही १९८० मध्ये तो घेतला. आपल्या देवाच्या चर्चमध्ये जाण्यासाठी देव मानणे सोडावे लागे, हा पेच पंथात पुढेही सुटला नाही.

याच दशकात गयानाचा इतिहासकार वॉल्टर रॉडनी किंग्स्टनच्या वस्त्यांत पंथीयांबरोबर बसून आफ्रिकेचा इतिहास सांगत असे. ऑक्टोबर १९६८ मध्ये त्याला देशात प्रवेश नाकारण्यात आला; ‘द ग्राउंडिंग्ज विथ माय ब्रदर्स’ (१९६९) हे त्या व्याख्यानांचे पुस्तक. लेनर्ड बॅरेटचे ‘द रास्ताफारियन्स’ (१९७७) हे सर्वसामान्य वाचकासाठी लिहिलेले पहिले समग्र पुस्तक म्हणता येईल. जोसेफ ओवेन्स या जेझुइट धर्मोपदेशकाचे ‘ड्रेड’ (१९७६) त्याहून सरस आहे. पंथीयांचे विवेचन त्यांच्याच शब्दांत देऊन लेखकाने स्वतःचे ख्रिस्ती मत बाजूला ठेवले आहे. शेव्हान्सचे ‘रास्ताफारी : रूट्स अँड आयडिऑलॉजी’ (१९९४) हा या विषयावरील प्रमाणग्रंथ होय. हेलेन ली या फ्रेंच लेखिकेने ‘ल प्रमिए रास्ता’ (१९९९, इं. भा. २००३) लिहून विस्मृतीत गेलेल्या हॉवेलचे चरित्र उभे केले.

दरम्यान सम्राटाची कारकीर्द संपुष्टात आली होती. १९७२–७४ मध्ये वोलो प्रांतात पडलेल्या दुष्काळाची वार्ता शासनाने दडपली. मृतांचे अंदाज चाळीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत आहेत. १९७३ मध्ये जॉनथन डिंबलबी याच्या दूरचित्रवाणीपटाने हा दुष्काळ जगापुढे आणला. सप्टेंबर १९७४ मध्ये लष्करी समितीने राजवाड्यातील मेजवान्यांची दृश्ये त्यात मिसळून तो इथिओपियात दाखविला आणि दुसऱ्या दिवशी, १२ सप्टेंबरला, सम्राटाला पदच्युत केले. २७ ऑगस्ट १९७५ रोजी तो बंदिवासात मरण पावला. शस्त्रक्रियेनंतरच्या विकाराने मृत्यू झाल्याचे जाहीर करण्यात आले. लष्करी राजवट कोसळल्यानंतर चाललेल्या खटल्यांत त्याला गुदमरवून मारल्याचा आरोप ठेवला गेला. अवशेष १९९२ मध्ये राजवाड्याच्या आवारात जमिनीखाली सापडले आणि ५ नोव्हेंबर २००० रोजी अदिस अबाबा येथील होली ट्रिनिटी कॅथीड्रलमध्ये त्यांचे दफन झाले.

पदच्युत सम्राटाची प्रतिमा जगभर घडविली ती पोलिश वार्ताहर रिझार्ड कापुश्चिन्स्की याच्या ‘चेसाश’ (१९७८, म. शी. सम्राट, इं. भा. १९८३) या पुस्तकाने. केवळ आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या दरबारी सेवकांच्या निवेदनांतून एका जराजर्जर दरबाराचे चित्र त्याने रंगविले. पोलंडमधील वाचकांनी त्यात आपल्याच साम्यवादी राज्यकर्त्यांचे प्रतिबिंब पाहिले. वाङ्मय म्हणून पुस्तक उत्कृष्ट आहे. पण साधन म्हणून ते फारच सावधपणे वापरावे लागते. सम्राटाला वाचनाची सवय नव्हती, असे त्यात सांगितले आहे. फ्रेंच शिकलेल्या, मुद्रणालय उभारणाऱ्या व ‘बर्हानेना सेलाम’ हे वृत्तपत्र (१९२५) सुरू करणाऱ्या राज्यकर्त्याविषयीचे हे विधान इथिओपियाच्या अभ्यासकांनी अमान्य केले. जॉन राइल या समीक्षकाने २००१ मध्ये पुस्तकातील अशा अनेक तपशिलांची चिकित्सा केली. वॉच्या विदूषकी राजापासून हा राजा वाटतो तितका दूर नाही.

इतिहासकारांचे काम यापेक्षा मंद गतीने झाले. हॅरल्ड मार्कसचा ‘हैले सेलासी फर्स्ट : द फॉर्मेटिव्ह यीअर्स’ (१९८७) हा साधनांवर आधारलेला चरित्रग्रंथ १९३६ पाशीच थांबतो. बाहरू झेवदे या इथिओपियन इतिहासकाराने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आधुनिक इथिओपियाच्या इतिहासात सम्राटाची निरंकुशता व त्याची आधुनिकीकरणाची धडपड ही दोन्ही एकाच प्रक्रियेची अंगे म्हणून दाखविली. सम्राटाचा नातलग अस्फा-वोसेन अस्सेराते याचे जर्मन चरित्र (२०१४) आप्ताच्या जिव्हाळ्याने लिहिलेले असूनही, वेळीच सत्ता सोडण्यात सम्राट कमी पडला हे मान्य करते. लेखकाच्या पित्याला १९७४ मध्ये लष्करी समितीने ठार केले होते, हे लक्षात घेता त्याचा संयम विशेष वाटतो. माझा मेंगिस्ते हिच्या ‘द शॅडो किंग’ (२०१९) या कादंबरीत सम्राट देश सोडून गेल्यावर लढत राहिलेल्या स्त्रिया केंद्रस्थानी आहेत.

सम्राटाच्या चरित्रकारांनी त्याच्या भक्तांना बहुधा एक-दोन परिच्छेदांत निकालात काढले आहे आणि पंथावर लिहिणाऱ्यांनी वोलोच्या दुष्काळाला त्याहूनही कमी जागा दिली आहे. दोन्ही वाङ्मये एकत्र आणणारा अभ्यास विरळाच. फ्रेंच इतिहासकार जुलिया बोनाच्ची हिचा ‘एक्झोडस!’ (२००८, इं. भा. २०१५) हा त्यांतील महत्त्वाचा. त्याचा विषय शाशामाने ही दक्षिण इथिओपियातील वसाहत. इटलीविरुद्धच्या लढ्यात साहाय्य करणाऱ्या कृष्णवर्णीयांसाठी सम्राटाने आपल्या खाजगी जमिनीतून सुमारे २०० हेक्टर जमीन तेथे देऊ केली होती. न्यूयॉर्क येथे १९३७ मध्ये स्थापन झालेल्या ‘इथिओपियन वर्ल्ड फेडरेशन’मार्फत ही वार्ता १९५५ मध्ये जमेकात पोहोचली आणि पंथीय एकेक करून तेथे जाऊ लागले. १९७५ मध्ये लष्करी राजवटीने सर्व ग्रामीण जमीन सरकारजमा केली, तेव्हा या वसाहतीच्या हाती घरे व थोडे तुकडेच उरले. शेजारच्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने ती पदच्युत राजाची माणसे होती. बोनाच्चीने कागदपत्रे व मुलाखती यांतून या कुटुंबांची हकीकत जुळविली आहे. त्यांची इथिओपियात जन्मलेली मुले अम्हारिक बोलत, पण दीर्घकाळ कोणत्याच देशाचे नागरिक नव्हती. २०१७ मध्ये इथिओपियाच्या सरकारने तेथील रास्ताफारींना ओळखपत्रे देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे त्यांना वास्तव्याचा हक्क मिळाला. मतदानाचा मिळाला नाही.